वऱ्हाडचा कापूस-बाजार : स्पर्धा आणि सहकार्य

अकोल्याच्या जुन्या शहरांत मोर्णेच्या कांठीं असदगड उभा आहे. औरंगजेबाच्या काळांत बांधलेल्या त्या तटानें शहराचें रक्षण केलें असेल. पण व्यापाराचें रक्षण तटानें होत नाहीं, तें परस्परांच्या विश्वासानें होतें. तो विश्वास कसा जुळतो आणि कोठें अपुरा पडतो, हें वऱ्हाडच्या कापसाच्या इतिहासांत चांगलें दिसतें.

आगगाडी येण्यापूर्वीं येथील कापूस वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून दूर मिर्झापुरापर्यंत जात असे. १८२५-२६ च्या सुमारास हैदराबादच्या एका पारशी पेढीनें तो मुंबईकडे वळविला. वाट लांबची आणि जोखीम मोठी. एकट्या सावकाराचें तें काम नव्हे. म्हणून हुंडी चाले. एका गांवीं पैसा भरावा आणि दुसऱ्या गांवच्या पेढीनें कागद पाहून तो चुकता करावा! ही पत नात्यागोत्यावर उभी होती. मारवाडी घराण्यांचा भाऊ एका पेठेंत, तर पुतण्या किंवा गुमास्ता दुसऱ्या पेठेंत असे. हुंडी बुडविणारास बाजारांत आणि जातींतहि तोंड दाखविण्याची सोय उरत नसे.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें आणि कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं अकोल्यावरून जाणारा लोहमार्ग नागपुरास पोंचला. १८७० सालीं खामगांवचा फांटा सुरू झाला, आणि त्याच वर्षीं मुंबई समुद्रतारेनें इंग्लंडशीं जोडली गेली. राली आणि फोल्कार्ट यांच्यासारख्या परदेशी पेढ्यांची खरेदी वऱ्हाडांत होऊं लागली. नदीपलीकडे ताजनापेठ वाढली. आतां अडत्या, दलाल, जिनवाला, प्रेसवाला आणि मुंबईचा निर्यातदार हे एकमेकांचे सोयरे नव्हते. तरीहि एकाच्या शब्दावांचून दुसऱ्याचें काम अडे.

परक्यांचा मेळ नात्यानें बसत नाहीं. त्याला सर्वांस ठाऊक असलेला नियम लागतो. रुमालाखालीं बोटें दाबून ठरणारा भाव गाडीवानास कळत नसे. वजनांत आणि धर्मादायाच्या नांवाखालीं निराळीच कपात होई. १८८६ सालीं कारंज्यास नियंत्रित बाजार सुरू झाला. तो हिंदुस्थानांतील पहिला असें मानतात. १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं कायदा झाला. वजनमापें, दलाली व कपाती बांधून देण्यांत आल्या. भांडणाऱ्या स्पर्धकांस एका तराजूखालीं आणणें ही मोठीच कमाई होय.

परंतु सहकार्याला दुसरीहि बाजू असते. वऱ्हाडांत जिनें गरजेपेक्षां अधिक झालीं, तेव्हां मालकांनीं एकत्र येऊन सरकीपासून रुई वेगळी करण्याचा दर ठरविला. कांहीं जिनें बंद ठेवून त्यांच्या मालकांसहि नफ्याचा वांटा दिला. मालकांचा आपसांतील विश्वास अभंग राहिला. त्याचें मोल मात्र ज्याचा कापूस त्यानें भरलें. बाजार-समित्याहि मुख्यतः व्यापाऱ्यांच्या हातीं होत्या.

१९२८ च्या शेतकी कमिशननें वऱ्हाडची पद्धति इतर प्रांतांस घालून देण्याजोगी मानली. पण समित्यांवर शेतकऱ्यांस स्थान नाहीं, हें वैगुण्यहि तिनें दाखविलें. पुढें १९६३ सालीं महाराष्ट्राच्या कायद्यानें बाजार समितींत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना जागा दिल्या.

हुंडीपासून समितीपर्यंतचा हा प्रवास पाहिला कीं एक गोष्ट ध्यानीं येते. व्यापारी गोटा मजबूत आहे कीं नाहीं, हा प्रश्न अर्धाच आहे. त्याच्या बैठकींत कोणाला आसन मिळालें आणि कोणाला दाराबाहेर गाडीशीं उभें राहावें लागलें, हा उरलेला अर्धा प्रश्न. आपण अंगावर घेतों त्या सुती वस्त्राच्या धाग्याधाग्यांत तो विणलेला आहे.