पस्तीस बाळंतपणं, पाच बाळं

गंज पेठेतला फुलेवाडा पुणेकरांनी शाळेच्या सहलीत तरी पाहिलेला असतोच. तिथं बालहत्या प्रतिबंधक गृहाबद्दल एक वाक्य सांगितलं जातं आणि रांग पुढं सरकते. मीही बरीच वर्षं त्या एका वाक्यावरच होते. मग जोतीरावांचं ४ डिसेंबर १८८४ चं टिपण वाचलं. बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याचा प्रश्न सरकारपुढे मांडला होता, त्यावर मत म्हणून जोतीरावांनी हे इंग्रजीत लिहिलं. त्यातल्या एका आकड्यापाशी मी अडकले.

आधी काशीबाईची गोष्ट. जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाला होती. तरुण, विधवा. शेजारच्या शास्त्रीबुवांपासून तिला दिवस गेले. त्यांच्याच सांगण्यावरून तिनं गर्भ पाडायला एकामागून एक विषारी औषधं घेतली. एकही लागू पडलं नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला, तिनं त्याला मारलं आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टानं तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा दिली. (यशवंतची आई काशीबाई ती वेगळी. हा घोळ नेहमी होतो.)

यानंतर, १८६३ मध्ये, जोतीरावांनी आपल्या घराच्या आवारातच ते गृह काढलं आणि ब्राह्मण वस्तीच्या गल्ल्यांमध्ये भिंतींवर छापील पत्रकं लावली. वीसेक वर्षांचा हिशेब ते टिपणात देतात: ३५ गरोदर विधवा तिथं येऊन बाळंत झाल्या. त्यातली ५ मुलं जगली. ३० गेली. कारणही ते लिहितात, आयांनी दिवस लपवायला घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना पोटातच इजा झाली होती.

म्हणजे बघा, गृहाचं नाव बालहत्येचं, पण आकडा फसलेल्या गर्भपातांचा. फुल्यांचं दार वाजवण्याआधी यातल्या बहुतेकींनी औषध घेऊन पाहिलं होतं. आणि ज्या औषधानं स्वतःच गेल्या, त्या या पस्तिसात नाहीतच.

असं का व्हायचं? कारण फक्त गर्भावर चालेल असं औषध तेव्हा नव्हतंच. होतं ते विष. ते आईला भिनायचं, त्या धक्क्यात पिशवी कधी आकुंचन पावायची, बरेचदा नाही. चित्रकाची मुळी पिशवीच्या तोंडात घालायची रीतही त्या काळच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेली आहे. त्यातून जंतुसंसर्ग व्हायचा, आणि प्रतिजैविकं यायला अजून ऐंशी वर्षं होती. वर १८६२ पासून दंड संहितेचं कलम ३१२ लागू झालं होतं. बाईचा जीव वाचवण्यापुरती सूट, एरवी गर्भपात करणारा गुन्हेगार आणि स्वतः बाईसुद्धा.

सुरक्षित पद्धत यायला पुढं किती काळ गेला? डॉक्टरांकडे बराच काळ एकच उपाय होता, पिशवीचं तोंड रुंद करून धारदार चमच्यानं आतून खरवडायचं. आपल्याकडे याला ‘क्युरेटिंग’ म्हणतात. घरात बायका ‘पिशवी साफ केली’ म्हणतात. खरवडण्याऐवजी शोषून घ्यायची पद्धत १९५८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. मग हार्वे कार्मन या अमेरिकन माणसानं, जो डॉक्टरही नव्हता, मऊ प्लॅस्टिकची लवचीक नळी आणली. त्या नळीला हातानं ओढायची सिरिंज जोडली की वीजसुद्धा लागत नाही. काही मिनिटांचं काम. जागतिक आरोग्य संघटना आता खरवडणं बंद करा असंच सांगते.

कायदा मधल्या काळात बदलला. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू.

काशीबाईला हवं होतं ते खरं औषध मात्र फ्रान्समध्ये १९८८ ला मंजूर झालं: मिफेप्रिस्टोन. गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची वाटच ते अडवतं. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल घ्यायचं, त्यानं पिशवी आकुंचन पावते. हे दुसरं औषध मुळात पोटातल्या अल्सरचं. गर्भवतींनी घेऊ नये, अशी सूचना त्यावर होती. ब्राझीलच्या बायकांनी ती सूचना बरोब्बर उलटी वाचली आणि डॉक्टरांच्या आधी त्याचा उपयोग शोधला! भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये परवानगी मिळाली. आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंत या गोळ्या देता येतात.

आणि इथं आपलं महाराष्ट्राचं त्रांगडं. २०११-१२ च्या सुमारास स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध मोहीम निघाली, ती निघायलाच हवी होती. पण तिच्या तडाख्यात या गोळ्याही आल्या. तपासण्या, नोंदी, धास्ती. अनेक औषधवाल्यांनी माल ठेवणंच बंद केलं. आता गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या, आणि सोनोग्राफीत लिंग कळायला बारा तरी आठवडे लागतात. हिशेब जुळतच नाही, पण भीतीला कोण हिशेब विचारतो?

माझी एक मैत्रीण, पुण्यातलीच, सहाव्या आठवड्यात एका दवाखान्यात गेली. ‘मिस्टरांची सही आणा,’ म्हणाले. कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याच्या सहीचा उल्लेखही नाही. हे तिला माहीत होतं, वाद घालायचं त्राण नव्हतं. ती दुसरीकडे गेली. तिथं डॉक्टर बाईंनी फॉर्म पुढं केला, तिनं एकटीनं सही केली.

पुढच्या भागात त्या दुसऱ्या काशीबाईचा मुलगा, डॉक्टर यशवंत फुले, आणि १८९७ च्या प्लेगमधला त्याचा दवाखाना. भेटू या.