पार्ट्स कार

पार्ट्स कार किंवा डोनर कार म्हणजे एखाद्या जुन्या मोटारगाडीच्या जीर्णोद्धारासाठी लागणारे सुटे भाग काढून घेण्याच्या हेतूने मिळवलेली, बहुधा त्याच मॉडेलची दुसरी गाडी होय. अशी गाडी सहसा चालू स्थितीत नसते. तिचा पत्रा गंजलेला, इंजिन जाम झालेले किंवा सांगाडा अपघातात वाकलेला असतो. स्वतंत्रपणे तिचा जीर्णोद्धार करणे व्यवहार्य नसले, तरी तिच्यातील काही भाग दुसऱ्या गाडीला पुन्हा रस्त्यावर आणण्यास पुरेसे ठरू शकतात. उत्पादन थांबून अनेक दशके लोटलेल्या गाड्यांच्या बाबतीत मूळ भाग मिळवण्याचा हा सर्वांत जुना आणि आजही प्रचलित असलेला मार्ग आहे. मात्र एकदा सुटी केलेली गाडी क्वचितच पुन्हा उभी राहते. त्यामुळे कोणती गाडी मोडावी आणि कोणती वाचवावी हा निर्णय या क्षेत्रात गंभीर मानला जातो.

पार्श्वभूमी

एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसण्यासाठी दोन्ही भाग ठरावीक मापात तयार झालेले असावे लागतात. मोटारउद्योगाच्या आरंभकाळात भाग कारागिराच्या हाताने कानस मारून जुळवले जात. त्यामुळे एकाच कारखान्यातील दोन गाड्यांचे भागही परस्परांना बसतीलच याची खात्री नसे. १९०८ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले. त्यानंतर केवळ पाने व स्क्रूड्रायव्हर यांच्या साहाय्याने त्या पुन्हा जोडून ५०० मैल चालवण्यात आल्या. या चाचणीबद्दल कंपनीला ड्यूअर करंडक मिळाला. त्याच वर्षी आलेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीचे १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक नग तयार झाले आणि परस्परांना बसणारे भाग ही सर्वसामान्य गोष्ट झाली. एका गाडीतून दुसरी गाडी दुरुस्त करण्याची पद्धत या बदलावरच उभी आहे.

ब्रिटनमध्ये १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणण्याची प्रथा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोखंडाच्या गरजेपोटी अमेरिका व ब्रिटनमध्ये असंख्य जुन्या गाड्या भंगारात गेल्या. त्यामुळे उरलेल्या गंजक्या सांगाड्यांनाही पुढे महत्त्व प्राप्त झाले.

गाडीची निवड

पार्ट्स कार निवडताना केवळ मॉडेलचे नाव जुळणे पुरेसे नसते. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक, कधीकधी वर्षाच्या मध्येही, बदल होत असत. म्हणून निर्मितीचे वर्ष, बॉडीचा प्रकार आणि इंजिन व चासीचे क्रमांक आधी तपासले जातात. आटे हाही एक सूक्ष्म मुद्दा आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ व बीएसएफ आटे आढळतात, तर युद्धपूर्व मॉरिस गाड्यांच्या इंजिनांत मेट्रिक आटे आणि व्हिटवर्थ मापाची डोकी असलेले बोल्ट वापरलेले आहेत. अशा बोल्टांना पर्याय बाजारात सहज मिळत नाही. त्यामुळे पार्ट्स कारमधील साधे नट-बोल्टही जपून ठेवले जातात.

निवडीतील मुख्य अडचण अशी की, एकाच मॉडेलच्या गाड्या बहुधा एकाच ठिकाणी गंजतात. पाणी व चिखल साठण्याच्या जागा रचनेनेच ठरलेल्या असतात. दाराचा तळ, मडगार्डची कड, पायटा, जमिनीचा पत्रा व डिकीचा तळ या त्यांपैकी प्रमुख होत. ज्या गाडीचा जीर्णोद्धार करायचा आहे तिचा जो पत्रा नष्ट झाला असेल, तोच पार्ट्स कारमध्येही नष्ट झालेला असण्याची शक्यता मोठी असते. यासाठी परस्परपूरक नुकसान झालेली गाडी शोधली जाते. पुढून आदळलेल्या गाडीची मागची बाजू शाबूत असू शकते. हवामानालाही महत्त्व आहे. अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकल्या जाणाऱ्या ईशान्येकडील राज्यांतील गाड्या लवकर गंजतात, तर ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात पत्रा दीर्घकाळ टिकतो. मात्र तेथील उन्हाने रबर, रंग व आसनांचे कापड खराब होते.

गंज आणि जाम झालेले भाग

लोखंडाचा ऑक्सिजन व पाणी यांच्याशी संयोग होऊन गंज तयार होतो. क्षारांच्या सान्निध्यात ही प्रक्रिया वेगाने होते. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे नट व बोल्ट यांच्या आट्यांमधील फट भरून जाते आणि बोल्ट जाम होतो. अशा बोल्टवर थेट जोर लावल्यास तो तुटतो व भागासह निकामी होतो. म्हणून पुढील क्रम पाळला जातो :

* तारेच्या ब्रशने आटे साफ करून त्यांवर झिरपणारे तेल सोडणे आणि काही तास किंवा दिवस थांबणे.
* बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके देऊन गंजाची पकड सैल करणे.
* नट तापवून प्रसरण पावल्यावर तो फिरवणे. तो थोडा घट्ट, थोडा सैल असा आलटून पालटून फिरवल्यास आटे वाचतात.
* बोल्ट तुटल्यास त्याच्या मध्यावर भोक पाडून उरलेला तुकडा काढणे.
* हे सर्व निष्फळ ठरल्यास नट छिन्नीने फोडणे.

जाम झालेले इंजिन स्टार्टर मोटरने फिरवणे धोक्याचे असते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल ओतले जाते आणि काही दिवसांनी क्रँकशाफ्ट हाताने पुढे-मागे हलवून पाहिला जातो.

सुट्या केलेल्या लोखंडी भागांवरील गंज काढण्याच्या अनेक पद्धती आहेत. विद्युत अपघटनात भाग धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बुडवून तो एकदिश विद्युतप्रवाहाच्या ऋण टोकाला आणि लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडला जातो. या क्रियेत हायड्रोजन वायू तयार होतो, म्हणून ती मोकळ्या हवेत करावी लागते. धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरल्यास क्रोमियमची विषारी संयुगे तयार होऊ शकतात. ॲल्युमिनियमचे भाग सोड्याच्या द्रावणात खराब होतात. पाण्यात उसाची मळी मिसळून त्यात भाग काही आठवडे बुडवून ठेवणे ही स्वस्त, संथ आणि धातूला फारशी इजा न करणारी पद्धतही जीर्णोद्धार करणाऱ्यांत प्रचलित आहे. फॉस्फरिक आम्लामुळे गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. तीव्र आम्लात पोलादी स्प्रिंगा बुडवणे टाळले जाते, कारण शोषलेल्या हायड्रोजनमुळे त्या ठिसूळ होऊन तुटू शकतात.

सुटे करण्याची पद्धत

प्रथम इंधन, तेल व शीतक द्रव काढून घेतले जातात. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम आधारांवर उभी केली जाते. गंजलेल्या सांगाड्याची जॅक लावण्याची जागाच कमकुवत झालेली असू शकते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घेणे, त्याचे बोल्ट त्याच्याबरोबरच पिशवीत ठेवणे आणि त्यावर चिठ्ठी लावणे ही मूलभूत शिस्त मानली जाते.

पार्ट्स कारचा एक उपयोग बहुधा दुर्लक्षित राहतो. ती त्रिमितीय संदर्भग्रंथासारखी असते. तारांचा मार्ग, क्लिपांची जागा, वॉशरांचा क्रम, अस्तराखालील कापडाचा प्रकार या गोष्टी पुस्तिकांत क्वचितच सापडतात. चाळणी झालेला पत्रासुद्धा नवा पत्रा घडवण्यासाठी नमुना म्हणून कामी येतो. त्यामुळे मुख्य गाडीचे काम पूर्ण होईपर्यंत पार्ट्स कारचा सांगाडा भंगारात देऊ नये, असा संकेत आहे.

वापरण्यायोग्य व अयोग्य भाग

दिवे, मापके, दारांच्या मुठी, काचांच्या चौकटी, स्टेअरिंगचे चक्र, रेडिएटरचे आवरण आणि बॉडीवरील चिन्हे हे भाग विशेष मोलाचे ठरतात, कारण त्यांची नक्कल करणे खर्चिक असते. जस्ताच्या मिश्रधातूचे जुने ओतीव भाग मात्र आतून भेगाळून हातातच चुरा होऊ शकतात. शिशासारख्या अशुद्धींमुळे हा दोष उद्भवतो व तो दुरुस्त करता येत नाही.

सुरक्षेशी निगडित भाग केवळ बाह्यस्वरूप पाहून वापरले जात नाहीत. ब्रेकच्या रबरी नळ्या, टायर व जुन्या काचा बदलल्या जातात. स्टेअरिंगचे दुवे, धुरे व पुढच्या चाकांचे आधारभाग यांतील सूक्ष्म भेगा चुंबकीय कणांच्या चाचणीने शोधल्या जातात. ॲल्युमिनियमच्या भागांसाठी भेगांत झिरपणाऱ्या रंगद्रवाची चाचणी वापरतात. जुन्या ब्रेक लायनिंग, क्लच व गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. त्यामुळे ते कोरडे घासणे किंवा हवेच्या झोताने साफ करणे आरोग्यास घातक आहे. रिकाम्या दिसणाऱ्या पेट्रोलच्या टाकीतील वाफही स्फोटक असते. अशा टाकीवर किंवा तिच्याजवळ वेल्डिंग केल्याने प्राणघातक अपघात होऊ शकतो.

उदाहरण : फोर्ड मॉडेल ए

डिसेंबर १९२७ मध्ये सादर झालेल्या आणि १९३१ पर्यंत अमेरिकेत चाललेल्या फोर्ड मॉडेल ए या गाडीचे सुमारे ४८ लाख नग तयार झाले. ३.३ लिटर क्षमतेच्या तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती ४० अश्वशक्ती होती. मोठ्या उत्पादनसंख्येमुळे या मॉडेलच्या पार्ट्स कार दीर्घकाळ उपलब्ध राहिल्या.

इंजिन, गिअरबॉक्स व धुरे यांची मूळ रचना सर्व वर्षांत बरीचशी समान राहिली. परंतु १९२८-२९ च्या गाड्यांना २१ इंची, तर १९३०-३१ च्या गाड्यांना १९ इंची चाके होती. मडगार्ड व रेडिएटरचे आवरणही या दोन कालखंडांत वेगळे आहेत. आधीच्या गाड्यांत चकाकणाऱ्या भागांवर निकेलचा मुलामा असे. नंतरच्या गाड्यांत त्यासाठी स्टेनलेस स्टील वापरले गेले, म्हणून गंजक्या पार्ट्स कारमधूनही हे भाग सुस्थितीत मिळू शकतात. इंजिनाचे बेअरिंग त्याच ठिकाणी पांढरा धातू ओतून व छिलून तयार केलेले असल्यामुळे एका इंजिनाची बेअरिंगची टोपणे दुसऱ्या इंजिनाला सरळ बसवता येत नाहीत. पेट्रोलची टाकी ही विंडस्क्रीनपुढील बॉडीचाच भाग असून तिच्यातून इंधन गुरुत्वाकर्षणाने कार्ब्युरेटरकडे येते. टाकी आतून गंजली असल्यास बॉडीचा तो संपूर्ण भाग पार्ट्स कारमधून घ्यावा लागू शकतो.

या गाडीचा क्रमांक इंजिनावर आणि बॉडीखाली झाकल्या जाणाऱ्या चासीवर कोरलेला असे. इंजिन बदलल्यास दोन्ही क्रमांकांत तफावत निर्माण होते. त्यामुळे पार्ट्स कारचे इंजिन वापरणे हा केवळ यांत्रिक प्रश्न राहत नाही.

ओळख व कायदा

दोन गाड्यांपासून एक गाडी तयार झाल्यावर तिची ओळख कोणती, हा प्रश्न बाजारमूल्य व नोंदणी या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा आहे. मूळ इंजिन व चासी यांचे क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळणाऱ्या गाडीला अधिक किंमत मिळते. ब्रिटनमध्ये मोठे बदल झालेल्या गाडीची मूळ नोंदणी कायम ठेवण्यासाठी गुणपद्धत दीर्घकाळ वापरली गेली. तीत मूळ चासीला ५ गुण, निलंबन, धुरे, गिअरबॉक्स व स्टेअरिंग यांना प्रत्येकी २ गुण आणि इंजिनाला १ गुण असून किमान ८ गुण आवश्यक असत. या गुणांवरून चासीला दिलेले प्राधान्य स्पष्ट होते. एका गाडीची क्रमांकपट्टी दुसऱ्या गाडीला लावणे अनेक देशांत गुन्हा ठरतो.

भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. अशा वाहनांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. त्यामुळे त्याच मॉडेलचे मूळ भाग वापरण्याला भारतात कायदेशीर महत्त्वही आहे.

भारतातील स्थिती

परदेशी मॉडेलवर आधारलेल्या काही गाड्यांचे उत्पादन भारतात दीर्घकाळ चालू राहिले. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होणारी हिंदुस्तान ॲम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली होती. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली प्रीमियर पद्मिनी ही मूळची फियाट ११०० डिलाइट होय. यामुळे मूळ ब्रिटिश वा इटालियन गाडीच्या दुरुस्तीसाठी भारतीय गाडी पार्ट्स कार ठरू शकते. मात्र नंतरच्या काळातील बदल तपासून घ्यावे लागतात. जुन्या भागांच्या शोधात मुंबईतील चोर बाजार आणि कुर्ला परिसरातील सुट्या भागांची दुकाने परिचित आहेत.

मतभेद

आंतरराष्ट्रीय जुनी वाहने महासंघ अर्थात 'फिवा' या संस्थेने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद ही वास्तुवारशाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून प्रेरित आहे. ऐतिहासिक वाहनाच्या मूळ साहित्याचे जतन करावे आणि केलेले बदल नोंदवून ठेवावेत, हे तिचे सूत्र आहे. या दृष्टीने पार्ट्स कार हीसुद्धा इतिहासाचा पुरावा ठरते. १९२० च्या दशकातील अनेक बेंटले गाड्यांच्या मूळ बंद बॉडी काढून तेथे अधिक आकर्षक उघड्या बॉडी बसवण्यात आल्या. काढून टाकलेल्या बॉडी त्या वेळी कमी मोलाच्या वाटल्या, आज मात्र तशा मूळ गाड्या दुर्मीळ आहेत.

याउलट, उघड्यावर पडून असलेली गाडी न मोडता तशीच ठेवल्यास तिचे सर्वच भाग गंजून नष्ट होतात, असा युक्तिवाद जीर्णोद्धार करणारे करतात. गाडी कितपत पूर्ण आहे, तिचे मॉडेल किती दुर्मीळ आहे आणि आवश्यक भाग नव्याने बनवता येतात काय, या तीन निकषांवर बहुधा निर्णय घेतला जातो. काही मॉडेलांसाठी नवे पत्रे व संपूर्ण बॉडीही तयार होऊ लागल्याने पार्ट्स कारची गरज घटली आहे. ब्रिटनमध्ये १९८८ पासून एमजीबी गाडीची नवी बॉडी मूळ साच्यांचा वापर करून बनवली जाऊ लागली. मोजक्या संख्येने निर्माण झालेल्या मॉडेलांसाठी मात्र गंजलेली दुसरी गाडी हाच मूळ भागांचा प्रमुख स्रोत राहिला आहे.

हे सुद्धा पहा

* व्हिंटेज मोटारगाडी
* फोर्ड मॉडेल ए
* हिंदुस्तान ॲम्बेसेडर
* गंज