मोटारसायकल सर्व्हिसिंगसाठी वाहनावरून नेताना : कायदा, विमा आणि बांधणी

नियमित सर्व्हिसिंगसाठी मोटारसायकल चालवत नेणे हाच सर्वसाधारण प्रघात आहे. मात्र काही परिस्थितींत ती ट्रेलर, टेम्पो किंवा रेल्वेने नेणे अधिक सुरक्षित ठरते आणि काही वेळा तोच एकमेव कायदेशीर मार्ग असतो. अशा वाहतुकीत होणारे नुकसान बहुतेकदा प्रवासातील अपघातामुळे होत नाही. चुकीची बांधणी, चढवताना गेलेला तोल आणि विम्याविषयीचा गैरसमज ही त्याची नेहमीची कारणे असतात.

गरज केव्हा भासते

मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकलींची अधिकृत सेवा केंद्रे प्रामुख्याने महानगरांत आहेत. लहान शहरांतील मालकांना सर्व्हिसिंगसाठी शेकडो किलोमीटर अंतर कापावे लागते. जुन्या, संग्रही ठेवलेल्या मोटारसायकलींच्या बाबतीत लांबचा प्रवास यंत्रालाच झेपत नाही. बदली, आजारपण किंवा परदेशवास्तव्यामुळे अनेक महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर कडक होतात, बॅटरी उतरते आणि ब्रेकची कार्यक्षमता घटते. अशी गाडी तपासणीआधी रस्त्यावर आणणे धोक्याचे असते.

सर्व्हिसिंगचे वेळापत्रक केवळ किलोमीटरवर अवलंबून नसते. उत्पादकांच्या पुस्तिकांत अंतर आणि कालावधी अशा दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात व त्यांपैकी जी आधी पूर्ण होईल ती लागू होते. नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग साधारणतः ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. गाडी न चालवल्याने ही मुदत पुढे ढकलली जात नाही. मुदत टळल्यास वॉरंटीवरील दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

कागदपत्रे संपलेली गाडी

दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीचा विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र यांची मुदत अनेकदा संपलेली असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्यासाठी तृतीय पक्ष विमा अनिवार्य आहे. विम्याशिवाय वाहन चालवल्यास कलम १९६ अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दंडाची रक्कम ४,००० रुपये आहे. प्रदूषणविषयक मानकांच्या उल्लंघनासाठी कलम १९०(२) मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दंडापेक्षा मोठा धोका नुकसानभरपाईचा असतो. विमा नसलेल्या गाडीमुळे कोणी जखमी झाल्यास किंवा मृत्युमुखी पडल्यास भरपाईचा भार मालकावर येतो. ‘सर्व्हिस सेंटरपर्यंतच नेत होतो’ हा बचाव तेथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून नेणे आणि शक्य असल्यास विम्याचे नूतनीकरण आधीच करून घेणे हा योग्य मार्ग आहे.

विम्यातील फरक

दुचाकींसाठीच्या सर्वसमावेशक विम्याच्या प्रमाणित मजकुरात रस्ता, रेल्वे, अंतर्देशीय जलमार्ग, उद्वाहक किंवा विमानाने वाहतूक होत असताना वाहनाला होणाऱ्या नुकसानीचा समावेश आहे. म्हणजेच टेम्पोतून नेताना गाडी आडवी होऊन टाकी चेपली, तर त्याचा दावा करता येतो. केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास हे संरक्षण मिळत नाही.

येथेच अनेक मालकांची गफलत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक झाला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचे असते. विमापत्रावर पाच वर्षांची तारीख पाहून मालक निश्चिंत राहतो आणि नुकसानीचे संरक्षण केव्हाच संपलेले असते. गाडी वाहतुकीस देण्यापूर्वी विमापत्रावरील या दोन्ही तारखा स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे.

ट्रेलर की टेम्पो

कायद्यातील ‘मोटार वाहन’ या संज्ञेच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. त्यामुळे ट्रेलरला स्वतःची नोंदणी आवश्यक असते. कलम ६१ नुसार ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाचा नोंदणी क्रमांक ट्रेलरवर विहित पद्धतीने दिसला पाहिजे. गावातील फॅब्रिकेशनच्या दुकानातून बनवून घेतलेला, नोंदणी नसलेला ट्रेलर मोटारीमागे जोडणे कायद्याला धरून होत नाही.

भारतात खासगी मोटारीमागील ट्रेलरची प्रथा मर्यादित असून मोटारसायकलींची स्थानिक वाहतूक प्रामुख्याने छोट्या टेम्पोतून होते. २००५ मध्ये बाजारात आलेल्या आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने सर्वपरिचित झालेल्या टाटा एसच्या वर्गातील वाहने यासाठी सर्रास वापरली जातात. वजनाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. हीरो स्प्लेंडर प्लसचे वजन सुमारे ११२ किलो, तर रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे सुमारे १९५ किलो आहे. प्रश्न लांबीचा असतो. बहुतेक मोटारसायकली दोन मीटर किंवा त्याहून थोड्या अधिक लांब असतात. फाळका उघडा ठेवून चाक बाहेर काढण्याऐवजी गाडी हौद्यात तिरकी उभी करणे श्रेयस्कर आहे. अनुज्ञेय मर्यादेबाहेर भार आल्यास कलम १९४(१ए) अन्वये २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

ट्रेलर वापरताना भाराची विभागणी महत्त्वाची असते. ट्रेलर आणि त्यावरील भार मिळून जे वजन होते, त्याच्या सुमारे १० टक्के भार जोडणीच्या हुकावर यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मोटारसायकल मागे सरकवून ठेवली तर वेग वाढताच ट्रेलर दोन्ही बाजूंना झोके घेऊ लागतो आणि ओढणाऱ्या मोटारीचाही ताबा सुटू शकतो.

चढवताना घ्यायची काळजी

हौद्याची उंची ७० सेंटीमीटर आणि फळीची लांबी दोन मीटर असल्यास चढ सुमारे २० अंशांचा होतो. १९५ किलोची गाडी त्यावर चढवण्यासाठी घर्षण वगळता सुमारे ६८ किलो वजनाइतका जोर लागतो. फळी तीन मीटरची घेतली तर हाच जोर सुमारे ४५ किलोवर येतो. फळीचे वरचे टोक हौद्याला बांधलेले असावे. अन्यथा पुढचे चाक वर गेल्यावर फळी मागे सरकते.

गाडी इंजिनच्या जोरावर चढवण्याचा मोह टाळावा. किमान तीन व्यक्तींनी, म्हणजे एकाने हँडल व पुढचा ब्रेक सांभाळत आणि दोघांनी मागून व बाजूने आधार देत, ती ढकलत न्यावी. उतरवतानाही गाडीचे तोंड वरच्या बाजूलाच ठेवून ती मागे मागे सोडावी. ओली फळी आणि चिखल लागलेले टायर हे अपघाताचे निश्चित कारण ठरते.

बांधणीची पद्धत

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे गाडी साइड स्टँडवर किंवा मेन स्टँडवर उभी करून बांधणे. खड्ड्यांत हौदा उसळतो तेव्हा संपूर्ण भार स्टँडवर येतो. स्टँड वाकतो किंवा मिटतो आणि गाडी कोसळते. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी असावी, पुढचे चाक हौद्याच्या पुढील भिंतीला किंवा चाक अडकवण्याच्या चौकटीला टेकलेले असावे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये असावी.

बांधणीसाठी चार पट्टे लागतात. पुढचे दोन फोर्कच्या खालच्या जोडपट्टीपासून पुढे व बाहेरच्या दिशेने, तर मागचे दोन चासीच्या भक्कम भागापासून मागे व बाहेरच्या दिशेने ताणावेत. आरसे, इंडिकेटर, प्लॅस्टिकचे भाग किंवा सायलेन्सर यांना पट्टा बांधू नये. पुढचे सस्पेन्शन सुमारे निम्मे दाबले जाईल इतका ताण पुरेसा असतो. ते पूर्ण दाबून ठेवल्यास फोर्कच्या सीलवर अनावश्यक दाब येऊन तेल गळू शकते.

काथ्याचा किंवा नायलॉनचा दोर प्रवासात सैल पडतो. रॅचेट असलेले रुंद पट्टे अधिक विश्वसनीय असतात. रंग आणि क्रोम घासू नये म्हणून पट्ट्याखाली कापड द्यावे. पहिल्या १० ते १५ किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक पट्ट्याचा ताण पुन्हा तपासावा. युरोपीय मानक ईएन १२१९५ नुसार पुढच्या दिशेची बांधणी भाराच्या वजनाच्या ८० टक्के बल सोसणारी असावी लागते. याचा अर्थ जोराचा ब्रेक लागल्यास १९५ किलोची गाडी सुमारे १५६ किलो वजनाइतक्या बलाने पुढे रेटली जाते. हौद्यात उभ्या असलेल्या माणसाला हा जोर हातांनी पेलणे अशक्य आहे. म्हणूनच गाडी धरून ठेवण्यासाठी कोणालाही मागे बसवू नये. मालकाने चालकाशेजारी केबिनमध्येच बसावे.

रस्त्याने नेताना टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवावे आणि जुन्या गाड्यांत पेट्रोलचा कॉक बंद करावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बंदिस्त हौद्यात तळाशी साचते.

रेल्वेने पाठवताना

रेल्वेने मोटारसायकल दोन प्रकारे जाते. प्रवासी त्याच गाडीने जात असल्यास तिकीट दाखवून ती लगेज म्हणून नोंदवता येते. अन्यथा ती पार्सल म्हणून पाठवली जाते. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र लागते. गाडीला व्यवस्थित आवरण घालावे लागते आणि पाठवण्याचे व पोहोचण्याचे स्थानक ठळकपणे लिहावे लागते. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी असणे बंधनकारक आहे. धोकादायक वस्तू बेकायदा नेल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मालाचे मूल्य घोषित करून त्यावरील जादा आकार भरला नसल्यास कलम १०३ नुसार रेल्वेचे दायित्व मर्यादित राहते. मुदतीत माल न उचलल्यास स्थानकावर जागाभाडे आकारले जाते. नुकसानीची सूचना माल सोपवल्यापासून सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते.

सोपवताना आणि परत घेताना

गाडी वाहतूकदाराच्या ताब्यात देण्यापूर्वी चारही बाजूंची आणि किलोमीटरच्या आकड्याची छायाचित्रे घ्यावीत. आधीचे ओरखडे पावतीवर नमूद करून घ्यावेत. सेवा केंद्रात पोहोचल्यावर जॉब कार्ड करताना हीच पद्धत पुन्हा पाळावी. त्यामुळे नुकसान वाटेत झाले की केंद्रात, हा वाद उरत नाही.

व्यावसायिक मालवाहतूकदारांना रस्ता वाहतूक अधिनियम, २००७ लागू होतो. मूल्य घोषित केलेले नसल्यास २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराचे दायित्व भाड्याच्या दहा पटींपर्यंतच राहते. ३,००० रुपये भाडे दिले असल्यास कमाल भरपाई ३०,००० रुपये होते. गाडीची किंमत दोन लाख रुपये असली तरी त्यात फरक पडत नाही. दावा दाखल करण्यापूर्वी नोंदणीच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी सूचना देणेही आवश्यक असते. पावतीवरील मूल्याचा रकाना कोरा सोडला जातो तो बहुधा घाईमुळे, आणि त्याची किंमत नुकसान झाल्यावरच कळते.

सर्व्हिसिंगनंतर गाडी त्याच मार्गाने परत आणायची की चालवत आणायची, हा निर्णय केंद्रातच घेता येतो. विमा व प्रदूषण प्रमाणपत्र वैध असेल, ब्रेक आणि टायर तपासून झाले असतील, तर परतीचा प्रवास रस्त्यावरून चालवत करण्यास हरकत नसते. तसे नसल्यास मोटारसायकलीला जाताना बांधलेले चार पट्टे परतीच्या वाटेवरही तितकेच आवश्यक ठरतात.