प्रश्नावरचा तारा

सुताचे भाव चढले की भिवंडीतल्या यंत्रमागांची खडखड मंदावते आणि 'हे दिल्लीत कुणीतरी विचारलं पाहिजे' असं माणसं म्हणू लागतात. २००९च्या निवडणुकीपासून भिवंडी हा लोकसभेचा मतदारसंघ आहे. इथल्या खासदाराचा तारांकित प्रश्न पुकारला गेला, तर वस्त्रोद्योगमंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. या हक्काच्या मुळाशी इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनचे खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ यांचे कष्ट आहेत. त्यांचं नाव आपल्याकडे जवळजवळ पुसलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

नॉर्दम्प्टन हे जोडे शिवणाऱ्या कामगारांचं गाव. ब्रॅडलॉ १८८० साली तिथून निवडून आले. ते नास्तिक होते. शपथेच्या वादात त्यांना हक्काची जागा मिळायला १८८६ उजाडलं. पुढे भारताबद्दल ते इतकं विचारत आणि बोलत राहिले की लोक त्यांना 'हिंदुस्थानचे सभासद' म्हणू लागले. इथल्या एकाही माणसाचं मत त्यांना मिळणार नव्हतं. डिसेंबर १८८९मध्ये, मोठ्या दुखण्यातून नुकतेच उठलेले असताना, ते काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला आले. भारतातल्या कायदे करणाऱ्या कौन्सिलांच्या सुधारणांचा तिथे ठरलेला आराखडा घेऊन परतले आणि १८९०मध्ये त्यांनी ब्रिटिश पार्लमेंटात विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. सरकारने आपलं वेगळं विधेयक आणलं आणि १८९२मध्ये त्याचा कायदा झाला. ब्रॅडलॉ मात्र जानेवारी १८९१मध्येच वारले होते.

या कायद्यामुळे कौन्सिलात प्रश्न विचारता येऊ लागले, पण मिळालेल्या उत्तरावर चर्चा करायला बंदी होती. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना रसद पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांना होणारा जाच, हा सुरुवातीच्याच प्रश्नांपैकी एक. १९०९च्या सुधारणांनी पूरक प्रश्न आला. तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. कामकाजाचा पहिला तास प्रश्नांचा, ही प्रथा १९१९च्या सुधारणांतली. तोंडी उत्तर हवं असेल त्या प्रश्नावर तारा करायची पद्धत १९२१ची.

माझ्या लेखी सगळ्यांत मोलाची पायरी १९०९ची. छापील उत्तर खातं तयार करतं. पूरक प्रश्न आला की मंत्र्याला स्वतःच्या माहितीवर उभं राहावं लागतं. लोकसभेत दिवसाला जास्तीत जास्त २० तारांकित प्रश्न घेतात, तेही सोडतीतून. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात तर प्रश्नांचा तासच नव्हता. गोंधळात तास बुडाला, तर तारांकित प्रश्नांचीही उत्तरं लेखीच पटलावर ठेवली जातात. सुताबद्दलचं असं उत्तर भिवंडीत वाचायला मिळतं, पण त्यावर पुढचा प्रश्न विचारायची संधी त्या दिवशी गेलेली असते.