शेवटच्या सेक्टरपलीकडे

हार्ड डिस्कची क्षमता कशी वाढत गेली, हा इतिहास वारंवार सांगितला जातो. ती क्षमता मोजणाऱ्या आकड्यांचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला आहे. डिस्क धडधाकट असूनही तिच्यावरील माहिती नष्ट होऊ शकते, हे कळण्यासाठी तो पाहावा लागतो.

डिस्कवरील जागा सेक्टर नावाच्या समान तुकड्यांत विभागलेली असते. दीर्घकाळ एक सेक्टर ५१२ बाइटचा होता. प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो आणि तो लिहायला किती बिट राखले आहेत, यावर डिस्कची सीमा ठरते. सुरुवातीच्या डॉसमध्ये त्यासाठी १६ बिट होते. म्हणजे ६५,५३६ सेक्टर, एकूण ३२ मेगाबाइट. याहून मोठी डिस्क घेणाऱ्याला तिचे तुकडे पाडावे लागत. १९८८च्या डॉस ४.० मध्ये ही अडचण दूर झाली.

पुढची सीमा अधिक विलक्षण होती. बायोसला १,०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर चालत. एटीए डिस्कला ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड आणि २५५ सेक्टर. दोघांच्याही मर्यादा आपापल्या जागी ऐसपैस होत्या. पण दोघांना एकत्र काम करायचे तर प्रत्येक बाबतीत लहान आकडाच धरावा लागे. गुणाकार केला की येतात ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे अवघे ५०४ मेगाबाइट. स्वतंत्रपणे पाहिले तर चूक कोणाचीच नव्हती.

एटीएचा २८ बिटांचा क्रमांक १३७ गिगाबाइटला संपला. नव्या मानकाने तो ४८ बिटांचा केला, पण ऑपरेटिंग सिस्टिमलाही तो समजायला हवा होता. विंडोज एक्सपीत ही सोय २००२च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने आली. क्रमांक २८ बिटांत कोंबला तर काय घडते? २६,८४,३५,४५६ या क्रमांकाचा वरचा बिट गळतो आणि उरते शून्य. शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये तर डिस्कच्या वाटणीचा तक्ताच असतो. पुढच्या कोऱ्या जागेत लिहायचा मजकूर थेट त्या तक्त्यावर पडतो, आणि लिहिणाऱ्याला काम फत्ते झाल्याचाच निरोप मिळतो.

म्हणून लिहिण्याआधी कर्नलने सीमा तपासणे आवश्यक ठरते. सरळ पद्धत अशी: सुरुवातीच्या क्रमांकात सेक्टरांची संख्या मिळवावी आणि बेरीज एकूण संख्येपेक्षा मोठी असेल तर मागणी नाकारावी. परंतु ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९० अधिक ८ यांची बेरीज २ भरते. दोन हा आकडा कोणत्याही डिस्कच्या आतलाच, त्यामुळे तपासणी फसते. लिनक्सच्या कर्नलमध्ये हीच तपासणी वजाबाकीने केलेली आढळते. मागितलेली संख्या एकूण संख्येपेक्षा मोठी नाही, याची आधी खात्री करायची. मग एकूणातून ती वजा करून उरलेला आकडा सुरुवातीच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा. यात आकडा ओसंडून जायला वावच राहत नाही.

डिसेंबर २००३च्या लिनक्स २.६ मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांवरही ६४ बिटांचे सेक्टर क्रमांक वापरण्याची सोय झाली. परंतु अशी दुरुस्ती एका ठिकाणी करून भागत नाही. उत्तर ६४ बिटांच्या जागेत ठेवायचे असले, तरी गुणाकार ३२ बिटांत उरकला तर वरचे बिट आधीच गळालेले असतात. एक अरुंद जागा नजरेतून सुटली की साऱ्या मार्गाची रुंदी तेवढीच राहते.

असे दोष वर्षानुवर्षे झोपून राहतात, कारण सीमेपर्यंत कोणी पोहोचलेलेच नसते. डिस्क भरत भरत तिथवर येते, तेव्हा तिच्यावर कोणाचे तरी हिशेब असतात, कोणाची तरी छायाचित्रे असतात. शेवटचा सेक्टर आणि त्याच्या पुढचा, नसलेला सेक्टर, या दोन्हींची मागणी करून पाहणारी चाचणी रिकाम्या डिस्कवरही घेता येते. ती त्या दिवसाआधी घेतली गेली का, यावर त्या माणसाची माहिती वाचणे अवलंबून असते.