एकच पुस्तक घ्यायचे असेल तर? कार्यप्रणालीच्या संदर्भग्रंथांची गोष्ट

१/
मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. समजा, इथला एखादा विद्यार्थी संगणकाच्या कार्यप्रणालीवरचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमवरचे, पुस्तक घ्यायला साताऱ्याला निघाला आहे. खिशात पैसे एकाच पुस्तकापुरते आहेत. त्याने कोणते घ्यावे? प्रश्न बाजारातला वाटतो, पण उत्तराचा मोठा भाग इतिहासात सापडतो. आजचा धागा त्याविषयी.

२/
आरंभ जावळीच्याच काळापासून करू. १६५६ मध्ये जावळी स्वराज्यात आली. राज्य वाढले, तसा कारभारही वाढला. कारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. रघुनाथपंत हणमंते यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे त्याचे एकूण दहा वर्ग आहेत. शब्द अडला की वर्ग उघडावा आणि पर्याय पाहावा.

३/
पुढच्या शतकात रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आले. त्याचा परंपरेने मानलेला काळ १७१५ च्या आसपासचा. दुर्ग त्यातही आहेत, परंतु शब्द म्हणून नव्हेत. गड का बांधावा, तिथे पाण्याची सोय कशी पाहावी, माणसे कशी नेमावीत, झाडे का राखावीत, याचा विचार त्यात आहे. कोश नाव सांगतो. आज्ञापत्र कारण सांगते.

४/
राज्य ही एक व्यवस्था, तशी कार्यप्रणाली हीही एक व्यवस्था. स्मृती कोणाला किती द्यायची, प्रोसेसरवर कोणाची पाळी आधी, कोणती फाइल कोणी उघडायची, हा तिचा कारभार. म्हणून तिच्याविषयीही दोन जातींची पुस्तके निर्माण झाली : शोधण्याची आणि समजण्याची. निवडीतली बहुतेक फसगत ही दोन्ही एकच मानल्यामुळे होते.

५/
पहिल्या जातीचा आदर्श म्हणजे युनिक्सची नियमपुस्तिका. अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवली. तिच्या पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. आज्ञा, सिस्टीम कॉल, फाइलींची रचना असे तिचे विभाग होते आणि प्रत्येक नोंद ठरावीक साच्यात होती : नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित नोंदी.

६/
त्या साच्यात दोन रकाने विशेष होते. एकात त्या आज्ञेची जबाबदारी कोणाची, हे लिहिलेले असे. दुसऱ्यात त्या आज्ञेतले दोष! आपल्याच कामातली उणीव त्याच पानावर नोंदवणारी ही पुस्तिका वापरणाऱ्याला फसवत नव्हती. पुढे युनिक्सच्या आवृत्त्यांनाही पुस्तिकेच्याच आवृत्तीवरून नावे पडली. ‘सहावी आवृत्ती’ म्हणजे जिची पुस्तिका सहाव्यांदा निघाली ती युनिक्स.

७/
मात्र ही पुस्तिका जाणकारांसाठी होती. आज्ञेचे नाव माहीत असेल तर ती चटकन उत्तर देई. ‘हे सारे आतून चालते कसे?’ असे विचारणाऱ्या नवशिक्याला तिच्यात फारसे काही सापडत नसे. ती उणीव ऑस्ट्रेलियात भरून निघाली.

८/
सिडनीतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स विद्यार्थ्यांना कार्यप्रणाली शिकवत. त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची सुमारे ९,००० ओळींची मूळ आज्ञावली एका खंडात आणि तिच्यावरचे भाष्य दुसऱ्या खंडात मांडले. साल १९७७. आपल्याकडे मूळ संहिता आणि टीका यांची परंपरा जुनी आहे. संगणकाच्या जगात ती अशी अवतरली.

९/
१९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली. तिच्या परवान्याने मूळ आज्ञावली वर्गात शिकवण्यावर बंदी घातली. लायन्स यांचे भाष्यही उघडपणे मिळेनासे झाले. मग विद्यार्थ्यांनी झेरॉक्सवरून झेरॉक्स काढली आणि पुसट प्रती हातोहात फिरल्या. ग्रंथरूपाने ते रीतसर प्रसिद्ध झाले १९९६ मध्ये. जे पुस्तक मिळवण्यासाठी वाचक इतके कष्ट घेतात, ते उपयुक्त असल्याचा वेगळा पुरावा लागत नाही.

१०/
बंदीतूनच पुढची वाट निघाली. ॲमस्टरडॅममधील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी ‘मिनिक्स’ ही स्वतःची छोटी कार्यप्रणाली लिहिली आणि १९८७ मध्ये तिच्या आज्ञावलीसह पाठ्यपुस्तक काढले. ते वाचून, मिनिक्स वापरून, हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. समजण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाचे फळ एवढे मोठे असू शकते.

११/
आता महाराष्ट्रात येऊ. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांच्या ‘सिस्टीम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टीम्स’ या ग्रंथात असेम्ब्लर, कंपायलर, लिंकर आणि कार्यप्रणाली एकत्र आली. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात पुढे याच जोडनावाचा विषयही होता. अभ्यासक्रमाशी जुळणे हाही उपयुक्ततेचा एक निकष आहे. परीक्षार्थ्याने तो कमी लेखू नये.

१२/
सोलापूरचे अच्युत गोडबोले आयआयटीतून केमिकल इंजिनिअर झाले आणि सॉफ्टवेअर उद्योगात रमले. त्यांचे ‘ऑपरेटिंग सिस्टीम्स’ हे इंग्रजी पाठ्यपुस्तक टाटा मॅग्रॉ-हिलने काढले. ‘लेट अस सी’मुळे सर्वपरिचित झालेले नागपूरचे यशवंत कानेटकर यांनी युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवर लिहिले. एकाची दिशा तत्त्वाकडे, दुसऱ्याची हातातल्या कामाकडे. दोन्ही पुस्तके चांगली असू शकतात, पण एकाची जागा दुसरे घेऊ शकत नाही.

१३/
काळाचाही विचार हवा. डॉसच्या आज्ञांची जाडजूड पुस्तके एकेकाळी घरोघरी होती. विंडोज रुळल्यावर त्यांची रद्दी झाली. पण प्रक्रिया म्हणजे काय, स्मृतीची पाने का करतात, दोन प्रक्रिया एकमेकींची वाट पाहत अडकून का पडतात, हे सांगणारी प्रकरणे आजही वाचनीय आहेत. आज्ञा लवकर शिळ्या होतात. कारणे पुष्कळ काळ टिकतात.

१४/
म्हणून दुकानात पुस्तक उघडण्यापूर्वी आपल्याला अडलेले तीन प्रश्न कागदावर लिहावेत. मग शेवटची शब्दसूची पाहावी. प्रश्न तिथे सापडतात का? पुस्तक कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या साली लिहिले आहे? उदाहरणे आपल्या संगणकावर चालतील का? मर्यादा कुठे सांगितल्या आहेत का? मुखपृष्ठ आणि पानांची संख्या सर्वांत शेवटी पाहावी.

१५/
आणि मेढ्याच्या त्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे. लिनक्स बसवली की युनिक्सच्या त्या पुस्तिकेची वंशज बहुधा तिच्यासोबतच येते. ‘मॅन’ लिहावे, पुढे आज्ञेचे नाव द्यावे. नोंद समोर, पुष्कळदा दोषांच्या रकान्यासह. इंटरनेट नसतानाही ती वाचता येते. तेव्हा आज्ञांच्या याद्यांवर पैसे घालवू नयेत.

१६/
कोश घरात फुकट आला आहे. विकत घ्यायचे ते आज्ञापत्र. व्यवस्था अशी का रचली, हे सांगणारे एक पुस्तक घ्यावे आणि ते संगणकासमोर बसून वाचावे. तेवढेही पैसे नसतील तर विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्पाची-डुसो दांपत्याचे कार्यप्रणालीवरचे पाठ्यपुस्तक इंटरनेटवर विनामूल्य आहे. लायन्स यांच्या पद्धतीने भाष्यासह शिकवली जाणारी एमआयटीची ‘एक्सव्ही६’ ही छोटी कार्यप्रणालीही तशीच खुली आहे. १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पुसट प्रतींसाठी धडपडलेल्यांना जे मिळत नव्हते, ते आज मेढ्यात बसून वाचता येते.

धागा समाप्त. तुम्हाला उपयोगी पडलेल्या पुस्तकाचे नाव खाली जरूर लिहा, आणि ते नेमके कोणत्या प्रश्नासाठी उपयोगी पडले, तेही.