मेक्सिकोतील कुक आणि सीमेपलीकडचा कर

१/ अमेरिकी नागरिक जॉर्ज कुक मेक्सिको शहरात कायमचे स्थायिक होते. मालमत्ता तिथली, उत्पन्नही तिथलेच. तरीही अमेरिकेने प्राप्तिकर मागितला.

२/ या प्रथेचे मूळ यादवी युद्धात. युद्धखर्चासाठी १८६२ च्या कायद्याने परदेशस्थ नागरिकांनाही कराच्या कक्षेत आणले होते.

३/ कुक यांनी निषेध नोंदवून २९८.३४ डॉलरचा पहिला हप्ता भरला आणि परताव्यासाठी दावा लावला. १९२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. नागरिक कुठेही असला तरी राष्ट्राचे संरक्षण त्याला लाभते, म्हणून कराचा अधिकारही टिकतो, असे न्यायालयाने ठरवले.

४/ भारत प्रामुख्याने वास्तव्य पाहतो. अमेरिका नागरिकत्वही पाहते. त्यामुळे पुण्यात राहून हौसेने यूट्यूबवर चित्रफिती टाकणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या कमाईवर आज दोन्ही देशांचा दावा पोहोचतो. दुहेरी भार टाळण्यासाठी १९८९ चा भारत-अमेरिका करार आहे.